शुश्रूषा करणाऱ्याची शुश्रूषा

दुसऱ्याची सेवा करतां करतां जो झिजला त्याला आपण धन्य म्हणतों, आणि एकदां धन्य म्हटलें कीं त्याच्याविषयींचें आपलें कर्तव्य संपलें असें समजतों. चंदन झिजतें, दिवा जळतो, हे आपले आवडते दृष्टांत आहेत. परंतु खोड झिजून संपल्यावर दुसऱ्या दिवशींच्या पूजेला गंध कोठून यावें, आणि तेल सरल्यावर त्या उजेडाच्या आधारानें बसलेल्यांनीं काय करावें, याचा विचार दृष्टांत देणारे सहसा करीत नाहींत. जिचें नांव सेवेच्या दिव्याशीं कायमचें जोडलें गेलें आहे अशा एका स्त्रीच्या चरित्रांत या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. आणि तें उत्तर स्वतः शोधून काढूनही स्वतःच्या आयुष्यांत न पाळल्याची हकीकतही त्याच चरित्रांत सांपडते. ही स्त्री म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल.

शाळेच्या पुस्तकांतलें तिचें चित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. रात्रीची वेळ, जखमी शिपायांच्या खाटा, आणि त्यांमधून हातांत दिवा घेऊन फिरणारी शांत मुद्रेची स्त्री. चित्रकारांनीं तिच्या हातांत पुष्कळदां ग्रीक धाटणीचा तेलाचा दिवा दिला आहे. प्रत्यक्षांत तो घडी घालतां येणारा साधा तुर्की कंदील होता. १८५७ मध्यें लाँगफेलो या अमेरिकन कवीनें तिच्यावर कविता लिहिली आणि दिव्याची ही मूर्ति अमर झाली. योगायोग असा कीं, जगानें हा दिवा कवितेंत ठेवला त्याच वर्षीं तो धरणारी बाई लंडनच्या एका हॉटेलांत कोसळून पडली होती.

नाइटिंगेलबाईंचा जन्म १२ मे १८२० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं एका सधन इंग्रज कुटुंबांत झाला. रोग्यांची शुश्रूषा हें काम त्या काळच्या इंग्लंडांत कुलीन मुलीला न शोभणारें समजलें जाई, आणि तें करण्याची परवानगी मिळविण्यांत त्यांच्या तारुण्याचीं बरींच वर्षें गेलीं. १८५१ मध्यें जर्मनींतील कैसर्सवर्थ येथील संस्थेंत त्यांनीं तीन महिने शिक्षण घेतलें, आणि १८५३ मध्यें लंडनमधील एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्या हातीं आली. पुढच्याच वर्षीं इंग्लंड आणि फ्रान्स रशियाविरुद्ध क्रिमियाच्या युद्धांत उतरले. जखमी शिपायांची दुर्दशा ‘टाइम्स’ पत्राच्या बातमीदारांनीं उघडकीस आणली, लोकक्षोभ झाला, आणि युद्धखात्याचे मंत्री सिडने हर्बर्ट यांच्या विनंतीवरून ३८ परिचारिका बरोबर घेऊन बाई ४ नोव्हेंबर १८५४ रोजीं स्कुटारीस पोंचल्या. हें ठिकाण बॉस्फरसच्या आशियाकडील तीरावर असून आज तें इस्तंबूल शहरांत मोडतें.

तेथील इस्पितळ म्हणजे मुळांत तुर्की फौजेची एक प्रचंड बराक. खाटा एकापुढें एक मांडल्या तर ४ मैल भरतील, असें तिचें वर्णन होत असे. लष्करी डॉक्टरांना या बायकांचें येणें रुचलें नव्हतें. डॉक्टरांनीं बोलाविल्याशिवाय एकाही परिचारिकेनें रोग्यास हात लावावयाचा नाहीं, असा नियम बाईंनीं स्वतःच घातला आणि त्या वाट पाहत बसल्या. थोड्याच दिवसांत इंकरमनच्या लढाईंतील जखमी येऊन पडूं लागले आणि बोलावणें आलें. यापुढें बाईंनीं जें केलें त्याचा फारच थोडा भाग दिव्याच्या चित्रांत येतो. कपडे, बश्या, साबण, तोंड धुण्याचीं भांडीं यांची खरेदी. धुण्यासाठीं पाणी तापविण्याची व्यवस्था. रोग्यांच्या पथ्याचें स्वयंपाकघर. आणि या सर्वांचा पैपैचा हिशेब. रात्र पडल्यावर इतर परिचारिकांनीं कक्षांत फिरूं नये अशी शिस्त असल्यामुळें फेरी घालण्याचें काम बहुधा बाईंकडेच राही. फेरीनंतर मृत शिपायांच्या आयांना पत्रें लिहावयाचीं आणि हर्बर्टसाहेबांस अहवाल धाडावयाचे. दिवसाचें काम रात्रींवर आणि रात्रींचें काम दुसऱ्या दिवसावर असा तो प्रकार होता.

इतकें करूनही शिपाई मरतच होते. किंबहुना बाई आल्यानंतरच्या हिवाळ्यांत ते अधिकच मरूं लागले. फेब्रुवारी १८५५ मध्यें इस्पितळांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ४२ पर्यंत गेलें. आणि त्यांत जखमांनीं मरणारे थोडे, ताप, अतिसार आणि पटकी यांनीं मरणारे फार. मार्च महिन्यांत डॉ. सदरलंड आणि रॉलिन्सन नांवाचे इंजिनियर यांचें आरोग्य-मंडळ इंग्लंडहून आलें. त्यांनीं इमारतीखालचीं तुंबलेलीं गटारें धुवून काढलीं, पिण्याच्या पाण्याची वाट मोकळी केली, मेलेलीं जनावरें उचलून पुरलीं, भिंतींना चुना दिला आणि हवेसाठीं झरोके पाडले. जूनपर्यंत मृत्यूचें प्रमाण शेंकडा २ च्या आसपास उतरलें. रात्रंदिवस जागणाऱ्या प्रेमळ हातांना जें साधलें नाहीं तें फावडें आणि चुना यांनीं साधलें, ही गोष्ट बाईंच्या ध्यानांत पूर्णपणें आली ती युद्धानंतर आंकडे मांडतांना. ती त्यांना किती झोंबली असेल याची कल्पना सेवेंत मन ओतणाऱ्या माणसालाच येईल.

मे १८५५ मध्यें बालाक्लाव्हा येथील इस्पितळें पाहण्यास गेल्या असतां बाईंना तीव्र ज्वर आला आणि कांहीं दिवस त्यांच्या जीविताची आशा नव्हती. बऱ्या होतांच त्या पुन्हां कामावर हजर झाल्या. युद्ध संपल्यावर, ऑगस्ट १८५६ मध्यें, मिरवणुका आणि सत्कार चुकविण्यासाठीं ‘मिस स्मिथ’ असें नांव धारण करून त्या इंग्लंडला परतल्या. विश्रांति घ्यावी ती याच वेळीं. पण बाईंच्या डोळ्यांसमोर मेलेल्या शिपायांची रांग होती. फौजेच्या आरोग्याच्या चौकशीसाठीं सरकारनें शाही मंडळ नेमावें म्हणून त्यांनीं जिवाचें रान केलें. मे १८५७ मध्यें हर्बर्ट यांच्या अध्यक्षतेखालीं मंडळ नेमलें गेलें, आणि त्याच्या कामाचा फार मोठा भाग बाईंनींच पडद्याआडून ओढला. शांततेच्या काळांत, मायदेशच्या बराकींतसुद्धां, तरुण शिपायांच्या मृत्यूचें प्रमाण त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट आहे, हें विल्यम फार या सांख्यिकाच्या साहाय्यानें त्यांनीं सिद्ध करून दाखविलें. मंडळाचें काम उरकत आलें आणि ऑगस्टमध्यें बाई कोसळल्या. छाती धडधडे, श्वास कोंडे, अन्न नकोसें होई, कोणी भेटीस आलें तरी घेरी येई. त्या वेळीं त्यांचें वय अवघें ३७ वर्षांचें होतें. यापुढें पुष्कळ वर्षें त्यांचें जीवन खोली आणि खाट यांतच गेलें. मधून मधून तर त्यांना चालवतही नसे.

हा आजार कोणता, यावर तेव्हांपासून वाद आहे. कांहीं चरित्रकारांनीं तो मनाचा, कांहींनीं तर सोयीचा ठरविला. १९९५ मध्यें यंग नांवाच्या अभ्यासकानें असें प्रतिपादन केलें कीं क्रिमियांतील तो ताप म्हणजे ब्रुसेलोसिस अथवा माल्टा ज्वर असावा. तो दूषित दुधावाटे जडतो आणि जुना झाला कीं वर्षानुवर्षें सांधे, छाती आणि मन या तिहींना छळतो. १९९८ मध्यें ह्यू स्मॉल यांनीं दुसरें मत मांडलें. ज्या इस्पितळासाठीं आपण प्राण पणाला लावले त्याच्याच घाणीनें शिपाई मेले, हें आंकड्यांवरून कळल्याचा तो धक्का होता, असें त्यांचें म्हणणें. मला ही दोन मतें एकमेकांच्या विरुद्ध वाटत नाहींत. शरीर आधींच पोखरलेलें, मनावर हजारों मृत्यूंचा भार, आणि दोहोंना क्षणाची उसंत नाहीं. अशा स्थितींत कोणता घाव पहिला हें ठरविणें विद्वानांना महत्त्वाचें असलें तरी खचणाऱ्या माणसाला तें सारखेंच. एवढें मात्र निश्चित कीं डॉक्टरांनीं विश्रांति सांगितली आणि बाईंनीं ती घेतली नाहीं. डॉ. सदरलंड हे तर स्नेही. त्यांनींही विश्रांतीचा आग्रह धरला, तेव्हां बाईंनीं त्यांनाच रागाचें उत्तर लिहिलें.

येथपर्यंतची कथा त्यागाची आहे आणि ती वाचून मस्तक नम्र होतें. परंतु इतिहास येथें थांबूं देत नाहीं. जो स्वतःला विश्रांति नाकारतो तो हळूहळू दुसऱ्यालाही ती नाकारूं लागतो. सिडने हर्बर्ट हे बाईंचे सर्वांत निष्ठावंत सहकारी. १८५९ मध्यें ते पुन्हां युद्धमंत्री झाले, परंतु त्यांना मूत्रपिंडाचा असाध्य विकार जडला होता. आतां हें ओझें झेपत नाहीं असें त्यांनीं कळविलें तेव्हां बाईंनीं सहानुभूतीपेक्षां बोलच अधिक लावला. जिंकत आलेला डाव आपण टाकून देत आहां, असा तो बोल होता. हर्बर्ट यांनीं जुलै १८६१ मध्यें पद सोडलें आणि २ ऑगस्टला ते वारले. बाईंचे चुलते-मावळ्यांकडील आप्त कवि क्लफ हे त्यांच्या कचेरीचें सारें किरकोळ काम मुकाट्यानें करीत. तेही त्याच वर्षीं नोव्हेंबरांत गेले. बाईंच्या आत्याबाई कित्येक वर्षें त्यांच्या उशाशीं राहून १८६० मध्यें आपल्या मुलाबाळांकडे परत गेल्या, तर बाईंनीं तो अपराध पुष्कळ वर्षें मनांत धरला. हर्बर्ट यांच्या मृत्यूनें बाईंना झालेला शोक अगदीं खरा होता. पण ज्या हृदयांत अनोळखी शिपायासाठीं इतकी जागा होती, त्यांत शेजारी दमून बसलेल्या मित्रासाठीं जागा उरूं नये, हें त्या अखंड शिणाचेंच फळ होय. शीण माणसाला केवळ दुबळें करीत नाहीं. तो त्याची करुणाच आटवितो.

आतां त्या चरित्रांतील सर्वांत विलक्षण गोष्ट सांगतों. याच काळांत, १८५९ च्या अखेरीस, बाईंनीं शुश्रूषेवर एक लहानसें पुस्तक लिहिलें. ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या नांवानें तें जगप्रसिद्ध झालें. स्वच्छ हवा, उजेड, ऊब, अन्न, गडबडीचा त्रास, इत्यादि विषयांच्या जोडीला त्यांत बारीकसारीक व्यवस्थेवर एक प्रकरण आहे, आणि माझ्या मतें पुस्तकाचा गाभा तेथें आहे. आपण रोग्यापाशीं असतांना काय करतों यापेक्षां आपण नसतांना काय होतें याची तजवीज करणें, ही खरी शुश्रूषा, असें बाई तेथें बजावतात. पुष्कळ कर्त्या माणसांना आपल्यावांचून अडतें, आपल्या हिशेबाच्या वह्या आणि कपाटांची मांडणी दुसऱ्या कोणास उमगत नाहीं, याचा अभिमान वाटतो. बाई म्हणतात कीं अभिमान वाटावयाचा तो याच्या उलट गोष्टीचा. आपण आजारी पडलों किंवा दूर गेलों तरी सर्व कारभार दुसऱ्याच्या हातीं देतां यावा आणि आपली उणीव कोणास भासूं नये, अशी व्यवस्था ठेवण्याचा.

हें लिहिणारी स्त्री स्वतः मात्र आपली उणीव पावलोपावलीं भासावी अशा रीतीनें काम करीत होती. या विसंगतीबद्दल त्यांना हंसण्याचा हेतु नाहीं. तत्त्व सांगणें सोपें, स्वतःला अनावश्यक करणें कठीण. सेवा करणाऱ्याच्या मनांत एक सूक्ष्म अहंकार वास करीत असतो. ‘माझ्याशिवाय याचें कसें होईल’ या प्रश्नांत काळजी असते तशीच थोडी गोडीही असते. ही गोडीच पुढें गळफास होते.

तथापि जेथें स्वतःचा प्रश्न नव्हता तेथें बाईंनीं आपलें तत्त्व अमलांत आणलें. कृतज्ञ जनतेनें जमविलेल्या निधींतून १८६० मध्यें लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा निघाली. पहिल्या तुकडींत १५ उमेदवार होत्या. आणि प्रत्येकीला झोपण्यास स्वतंत्र खोली देण्यांत आली होती. ही गोष्ट लहान वाटेल. परंतु रोग्यांच्या कण्हण्यांत दिवस काढणाऱ्या मुलीला दार लावून एकटें बसतां येणें हा तिच्या कामाचाच भाग आहे, हें त्या खोल्यांनीं मान्य केलें.

दुर्दैवानें जगाला त्या स्वतंत्र खोल्यांपेक्षां हौतात्म्य अधिक आवडतें, आणि येथें बाईही जगाच्याच बाजूला गेल्या. अॅग्नेस जोन्स ही त्यांच्या शाळेंतून शिकून गेलेली गुणी स्त्री. १८६५ मध्यें १२ परिचारिका घेऊन ती लिव्हरपूलच्या अनाथगृहाच्या रुग्णालयांत गेली. एक हजाराहून अधिक निराधार रोगी, त्यांत दारुडे आणि दंगेखोर. पूर्वीं त्यांची शुश्रूषा अनाथगृहांतल्याच अशिक्षित बायका करीत. जोन्सबाईंनीं तीन वर्षांत त्या नरकाला रुग्णालयाचें रूप दिलें. १९ फेब्रुवारी १८६८ रोजीं प्रलापक सन्निपातानें, म्हणजे टायफस तापानें, त्या वारल्या, वय ३५. नाइटिंगेलबाईंनीं त्यांच्यावर उत्कट मृत्युलेख लिहिला आणि अनेक तरुणींनीं पुढें यावें म्हणून आवाहन केलें. परंतु त्या मृत्यूचा खरा हिशेब मृत्युलेखांत नव्हता. जोन्सबाईंच्या तोडीची दुसरी अधिकारी मिळणें जड गेलें, आणि रुग्णालयाचें चाललेलें काम अडखळलें. जिच्यावांचून चालत नाहीं ती गेली म्हणजे काय होतें, तें बाईंच्या पुस्तकांतल्या त्याच प्रकरणांत आधींच लिहिलेलें होतें.

यानंतर एक शतक लोटलें, आणि हाच प्रश्न शास्त्राच्या दारांत येऊन उभा राहिला. लंडनमधील एका मोठ्या रुग्णालयांतील शिकाऊ परिचारिका शिक्षण अर्धवट टाकून कां जातात, याचा इझाबेल मेंझीस या मनोविश्लेषक विदुषीनें अभ्यास केला आणि १९५९-६० मध्यें त्यावरील निबंध प्रसिद्ध केला. सुमारें एकतृतीयांश मुली शिक्षण पुरें करीत नव्हत्या, आणि सोडून जाणाऱ्यांत चांगल्या मुली पुष्कळ होत्या. मृत्यु आणि वेदना यांच्या सततच्या सहवासानें मनांत जें भय उत्पन्न होतें त्यापासून बचाव म्हणून रुग्णालयानें नकळत एक पद्धत बनविली होती, असें त्यांना दिसून आलें. एका परिचारिकेनें एका रोग्याजवळ फार वेळ राहावयाचें नाहीं. कामांचे तुकडे पाडावयाचे. रोग्याला नांवाऐवजीं खाटेच्या आंकड्यानें किंवा त्याच्या रोगानें ओळखावयाचें. आणि ठराविक वेळ झाली कीं झोपेचें औषध द्यावयाचें, मग त्यासाठीं झोपलेल्याला उठवावें लागलें तरी बेहत्तर. या पद्धतीनें भय गेलें नाहींच. उलट रोग्याला बरें होतांना पाहण्याचें समाधान मात्र गेलें. म्हणजे भिंत बांधली ती शत्रूला अडविण्यासाठीं, आणि बंद झाली ती आपलीच विहीर.

१९७४ मध्यें न्यूयॉर्क येथील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनीं या शिणाला ‘बर्नआउट’, म्हणजे जळून विझणें, हें नांव शास्त्रीय लेखनांत दिलें. दिवसा स्वतःचा व्यवसाय आणि रात्रीं व्यसनाधीन तरुणांचा मोफत दवाखाना, अशा दुहेरी कामांत त्यांनीं ही अवस्था सहकाऱ्यांत पाहिली आणि स्वतः भोगलीही. पुढें क्रिस्टिना मास्लाख यांनीं तिचीं तीन लक्षणें सांगितलीं. पहिलें सर्वांगाचा आणि मनाचा थकवा. दुसरें ज्यांची सेवा करावयाची त्यांच्याविषयीं कोरडेपणा. आणि तिसरें आपल्या हातून कांहींच होत नाहीं ही भावना. १८६१ सालची बाईंची वागणूक आठवली म्हणजे यांतलें दुसरें लक्षण अनोळखी वाटत नाहीं. २०१९ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या रोगसूचींत या अवस्थेचा निर्देश केला तो रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणीं दीर्घकाळ न सांवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. दोष एकट्या माणसाच्या मनांत शोधूं नये, कामाच्या मांडणींत शोधावा, असा याचा अर्थ. स्कुटारीच्या गटारांनीं शिकविलेला धडाही हाच होता. शिपाई मरत होते ते परिचारिकांची भक्ति अपुरी पडली म्हणून नव्हे.

हा धडा जगानें किती घेतला, हें २०२० सालीं दिसलें. बाईंच्या जन्माला २०० वर्षें झालीं म्हणून तें वर्ष परिचारिकांचें वर्ष म्हणून पाळावयाचें आधींच ठरलें होतें, आणि नेमकी त्याच वर्षीं महामारी आली. इंग्लंडांत तातडीनें उभारलेल्या रुग्णालयांना नाइटिंगेल यांचेंच नांव दिलें. खाटा कांहीं दिवसांत मांडतां आल्या; त्या खाटांपाशीं उभ्या राहणाऱ्या शिकलेल्या परिचारिका मात्र तितक्या लवकर मिळेनात. आपणही २२ मार्चच्या संध्याकाळीं गच्चींत उभे राहून टाळ्या आणि थाळ्या वाजविल्या. ती कृतज्ञता खोटी नव्हती. पण टाळी ही पाळी नव्हे. टाळ्या वाजवून झाल्यावर जी परिचारिका रात्रपाळीस गेली तिच्या जागीं सकाळीं वेळेवर दुसरी येणें, ही तिची खरी पूजा होती.

बाई हिंदुस्थानांत कधीं आल्या नाहींत, तरी १८५९ पासून येथील फौजेच्या आणि पुढें खेड्यापाड्यांच्या आरोग्यासाठीं त्या अंथरुणावरून दशकानुदशकें झटल्या. महाराष्ट्रांत रमाबाई रानडे यांच्या पुणें सेवासदनानें विसाव्या शतकाच्या आरंभीं मध्यमवर्गीय स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट दाखविली, आणि त्या कामाला प्रतिष्ठा दिली. प्रतिष्ठा आली, पण आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरांतली परिचारिका कोणत्याही शाळेंत गेलेली नसते. अंथरुणाला खिळलेली सासू, स्मृति गेलेले वडील, अपंग मूल, यांच्यापाशीं वर्षानुवर्षें बसणारी ती कोणाची तरी सून, मुलगी किंवा आई असते. ‘यांना हिच्याशिवाय कोणाच्या हातचें चालत नाहीं’, असें आपण पाहुण्यांना कौतुकानें सांगतों. तें कौतुक म्हणजे तिच्या पायांतली बेडी होय.

ती बेडी काढण्यास नाइटिंगेलबाईंचें तें लहानसें प्रकरण पुरेसें आहे. औषधांच्या वेळा तिच्या डोक्यांत न ठेवतां कागदावर लिहून भिंतीला लावाव्या. रोग्याला कुशीवर कसें वळवावें, पेज किती पातळ लागते, रात्रीं हांक कधीं येते, हें घरांतल्या आणखी दोघांनीं, त्यांत एका पुरुषानेंही, शिकून घ्यावें. आठवड्यांतून एक दुपार तरी तिनें घराबाहेर जावें, आणि परत आल्यावर ‘तुझ्यावांचून फार अडलें’ असें तिला कोणी म्हणूं नये. ‘सगळें ठीक झालें’ असें म्हणावें. पहिल्यानें तिला थोडें वाईट वाटेल. पण तिला त्या रात्रीं झोंप लागेल, आणि सकाळीं रोग्याच्या उशाशीं येऊन बसेल ती दमलेली नव्हे, तर त्याच्याकडे पाहून हंसूं शकणारी बाई असेल.

नाइटिंगेलबाई ९० वर्षें जगून १३ ऑगस्ट १९१० रोजीं निवर्तल्या. म्हातारपणीं त्यांचा स्वभाव निवळला, दुखणेंही पुष्कळ ओसरलें, आणि नव्या परिचारिकांशीं त्या मायेनें बोलत, पत्रें लिहीत. मधल्या अनेक वर्षांत तो निवांतपणा त्यांना लाभता तर त्यांचें कार्य कमी झालें असतें असें कांहींजण म्हणतील. मला तसें वाटत नाहीं. त्यांचें जें कार्य टिकलें तें त्यांनीं स्वतःच्या हातानें केलेलें नव्हे. त्या नसतांना चालावें म्हणून त्यांनीं जें उभारलें तेंच टिकलें आहे.